गंगाकाठची साक्ष : छोट्या शेतकऱ्यांची सेंद्रिय शेती आणि सहभागी हमी

काशीच्या उत्तर भागात, शिंदे घाट आणि भोसले घाट यांच्या दरम्यान असलेला संकठा घाट तेथील संकटादेवीच्या मंदिरामुळे ओळखला जातो, आणि शेजारच्या घाटांची नावे वाचली तरी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत ग्वाल्हेर आणि नागपूरच्या मराठी घराण्यांनी या काठावर किती बांधकाम केले याची कल्पना येते. या घाटावरून दिसणारी गंगा मराठी यात्रेकरूला तीर्थ म्हणून परिचित असते; परंतु तीच नदी गेल्या दशकात शेतीच्या धोरणाचाही विषय झाली आहे. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रसायनमुक्त नैसर्गिक शेतीला देशभर उत्तेजन देण्याची घोषणा झाली आणि पहिल्या टप्प्यात गंगेच्या काठालगतचा पाच किलोमीटर रुंदीचा पट्टा त्यासाठी निवडण्यात आला. संकठा घाटाच्या बाजूला या पाच किलोमीटरांत दाट वस्तीचे शहर असल्यामुळे प्रत्यक्ष शेती आहे ती समोरच्या पूर्व तीरावर आणि शहराच्या वरच्या व खालच्या अंगाला वसलेल्या गावांत. तेथील अल्पभूधारकाने रासायनिक खत आणि कीटकनाशक सोडले, तर त्याने ते खरोखर सोडले आहे याची साक्ष कोणी द्यायची, आणि ती साक्ष शहरातल्या ग्राहकाने कशाच्या आधारावर मानायची, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रमाणपत्राची गरज आणि त्याचा भार

सेंद्रिय भाजी आणि रासायनिक भाजी यांत डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला खात्रीने सांगता येईल असा फरक नसतो. आंबा पिकलेला आहे की नाही हे ग्राहक हाताळून ठरवू शकतो, पण त्यावर कोणती फवारणी झाली होती हे त्याला विक्रेत्याच्या शब्दावरच मानावे लागते. आणि शब्दाला किंमत जास्त मिळू लागली की खोटा शब्द देणारेही बाजारात येतात. प्रमाणीकरण, म्हणजे ठरावीक नियमांनुसार पीक घेतले गेल्याची लेखी ग्वाही, या अडचणीवरचा उपाय म्हणून पुढे आले.

भारतात निर्यातीच्या गरजेतून २००१ च्या सुमारास राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम लागू झाला आणि त्याचे काम अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाकडे आले. या कार्यक्रमात त्रयस्थ प्रमाणीकरण असते. म्हणजे शेतकरी आणि ग्राहक या दोघांशीही संबंध नसलेली, मान्यताप्राप्त संस्था आपला निरीक्षक पाठवते, नोंदी तपासते, शुल्क घेते आणि दाखला देते. युरोपातील किंवा अमेरिकेतील खरेदीदाराला शेतकरी कधीच भेटणार नसल्यामुळे तेथे या व्यवस्थेला पर्याय नाही. परंतु जो शेतकरी दोन एकरांत गहू, वांगी, भेंडी, मोहरी आणि जनावरांचा चारा अशी पाच-सहा पिके घेतो आणि दहा-पंधरा किलोमीटरवरच्या बाजारात विकतो, त्याला निरीक्षकाचे शुल्क, त्याच्या प्रवासाचा खर्च आणि प्रत्येक पिकाची स्वतंत्र कागदपत्रे हा सगळा भार उत्पन्नाच्या मानाने झेपत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांपेक्षा कमी जमिनीचे धनी होते. सरासरी जमीनधारणा महाराष्ट्रात १.३४ हेक्टर होती, तर उत्तर प्रदेशात ती अवघी ०.७३ हेक्टर होती. या आकड्यांवरून पाहता ज्यांच्यासाठी ही व्यवस्था सोयीची आहे ते शेतकरी अल्पसंख्य ठरतात. गटाने प्रमाणीकरण घेण्याची सोय याच कार्यक्रमात आहे, परंतु तिच्यात गटाचा दाखला पुष्कळदा खरेदीदार कंपनीच्या किंवा प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेच्या हाती राहतो, आणि शेतकऱ्याने त्या खरेदीदाराला सोडले की दाखलाही सुटतो.

शेजाऱ्याने द्यायची हमी

या अडचणीतून जगाच्या वेगवेगळ्या भागांत, एकमेकांना फारसे न ओळखणाऱ्या चळवळींनी जवळजवळ सारखाच मार्ग काढला. फ्रान्समध्ये १९६४ साली स्थापन झालेल्या नातूर ए प्रोग्रे या संस्थेने शेतकरी आणि ग्राहक यांनी मिळून शेते पाहण्याची रीत घालून दिली. जपानमध्ये १९७० च्या दशकात तेइकेई नावाची पद्धत रुजली, जिच्यात शहरी कुटुंबे एखाद्या शेतकऱ्याशी वर्षभराचा थेट करार करून त्याच्या पिकाचा आणि जोखमीचाही वाटा उचलतात. दक्षिण ब्राझीलमध्ये १९९८ पासून एकोविदा या जाळ्याने शेकडो छोट्या शेतकऱ्यांचे गट परस्पर-तपासणीवर उभे केले. २००४ मध्ये ब्राझीलमधील तोरेस या गावी झालेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत अशा सर्व प्रयोगांना सहभागी हमी पद्धत हे समान नाव मिळाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती पीजीएस म्हणून ओळखली जाते. शेतकऱ्याच्या सचोटीची ग्वाही त्याला ओळखणाऱ्या, त्याच्या बांधाला बांध असलेल्या आणि त्याचा माल खाणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन, ठरलेल्या नियमांनुसार आणि उघडपणे द्यावी, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे.

भारतातील तिचा आरंभ मराठी आणि कोकणी मुलखाशी जोडलेला आहे. २००६ मध्ये गोव्यात झालेल्या बैठकीतून देशातील स्वयंसेवी संस्थांनी ही पद्धत स्वीकारली आणि पुढे २०११ मध्ये पीजीएस ऑरगॅनिक कौन्सिल या नावाने त्यांच्या मंडळाची नोंदणी गोव्यातच झाली. म्हापशातून काम करणारी ऑरगॅनिक फार्मिंग असोसिएशन ऑफ इंडिया, आंध्र-तेलंगणातील टिंबक्टू कलेक्टिव्ह व डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी आणि औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, इन्स्टिट्यूट फॉर इंटिग्रेटेड रूरल डेव्हलपमेंट या संस्था त्या प्रवाहात होत्या. मराठवाड्यातील या शेवटच्या संस्थेने कोरडवाहू गावांतील महिला शेतकऱ्यांचे गट आणि शहरातील ग्राहक यांची सांगड घातली, आणि हमीचा विचार बाजाराशी जोडल्यावाचून पुरा होत नाही हे लवकर ओळखले. २०११ मध्येच केंद्र सरकारने गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्रामार्फत पीजीएस-इंडिया ही शासकीय व्यवस्था सुरू केली; त्यामुळे भारतात चळवळीतून आलेला आणि शासनाकडून आलेला असे या पद्धतीचे दोन प्रवाह झाले, आणि त्यांच्यातील अंतर समजून घेतल्यावाचून गंगाकाठचे चित्र नीट उमगत नाही.

बांधावरची तपासणी

शासकीय व्यवस्थेत एकाच गावातील किंवा लगतच्या गावांतील किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट हा पाया असतो. प्रत्येक सदस्य नियम समजून घेतल्याची लेखी शपथ घेतो, आपल्या जमिनीचा पूर्वेतिहास लिहून देतो, आणि गटाच्या बैठकांना व प्रशिक्षणांना हजर राहतो. गटावर प्रादेशिक परिषद असते, जी स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठ किंवा शासकीय विभाग यांपैकी कोणी चालवते. गटाने घेतलेला निर्णय ती पडताळते, काही शेतांची अचानक पाहणी करते आणि दाखला देते. रसायने सोडल्यापासून संक्रमणाचा जो काळ जातो त्या काळात पिकाला पीजीएस-ग्रीन आणि तो पुरा झाल्यावर पीजीएस-ऑरगॅनिक असे चिन्ह लावता येते.

या साऱ्याचा जीव मात्र बांधावरच्या तपासणीत असतो. किमान तिघे शेतकरी, ज्यांच्यापैकी एकाला तरी लिहिता-वाचता यावे लागते, चौथ्याच्या शेतात जातात. आणि ज्याने ज्याची तपासणी केली त्याचीच तपासणी त्याने उलट करायची नाही, हा नियम परस्परांना सांभाळून घेण्याची वाट बंद करण्यासाठी घातलेला आहे. बाहेरचा निरीक्षक जे पाहू शकत नाही ते या तिघांना पाहता येते. शेजाऱ्याच्या रासायनिक शेताकडून पावसाचे पाणी कोणत्या कोपऱ्यातून आत येते, वारा कोणत्या दिशेने फवारा उडवून आणतो, त्या बांधावर शेवरी, तूर किंवा गवताचा आडोसा किती रुंद आहे, हे त्यांना नकाशावाचून माहीत असते. फवारणी पंप घरचा आहे की भावकीत फिरतो, आणि फिरत असेल तर सेंद्रिय शेतात येण्याआधी तो धुतला जातो का, हा प्रश्न गावातलाच माणूस विचारू शकतो. ते बियाण्याची पिशवी मागतात, कारण गुलाबी किंवा लाल रंग चढवलेले बी बहुधा बुरशीनाशक लावलेले असते; विदर्भात कापूस असेल तर बीटी वाण आहे का हे पाहतात, कारण जनुकीय बदल केलेल्या बियाण्याला सेंद्रिय नियमांत जागा नाही. शेणखताचा खड्डा, जीवामृताचा पिंप, निंबोळी अर्कासाठी साठवलेल्या निंबोळ्या आणि गोठ्यातील जनावरांची संख्या यांवरून ते मनाशी हिशेब मांडतात, की एवढ्या एकरांना एवढे खत पुरते का. आणि पुरत नसताना पीक काळेभोर व भरघोस असेल तर युरियाची शंका तेथेच बोलून दाखवली जाते.

या तपासणीतून दोष काढण्यापलीकडेही काही साधते. मावा कोणत्या आठवड्यात आला, दशपर्णी अर्क कितीदा मारावा लागला, गांडूळ खत टाकलेल्या वाफ्यात ओल किती दिवस टिकली, यांवरची चर्चा ही शेतकऱ्याची शाळाच असते. दाखला देण्याचे काम आणि शिकण्याचे काम एकाच फेरीत होते, हा सहभागी हमीचा त्रयस्थ प्रमाणीकरणावरचा खरा वरचढपणा आहे. कारण त्रयस्थ निरीक्षकाला हितसंबंधाच्या नियमामुळे सल्ला देण्यास मज्जाव असतो.

अनुदानाने उभे राहिलेले गट

२०१५ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना सुरू झाली आणि पीजीएसला प्रथमच मोठे आर्थिक पाठबळ मिळाले. आरंभी पन्नास शेतकऱ्यांच्या पन्नास एकरांचा एक समूह आणि एकरी तीन वर्षांत वीस हजार रुपये असे तिचे स्वरूप होते. पुढे ते वीस हेक्टरांचा समूह आणि हेक्टरी पन्नास हजार रुपये असे झाले. नमामि गंगे कार्यक्रमाशी ही योजना जोडून गंगेकाठच्या राज्यांत सुमारे १.२३ लाख हेक्टर क्षेत्र समूहांखाली आणण्यात आले. महाराष्ट्रात २०१८ मध्ये अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन स्थापन झाले, ज्याचा विस्तार पुढे राज्यभर झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २,४८१ कोटी रुपयांचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केले आणि १५,००० समूहांतून साडेसात लाख हेक्टरांचे उद्दिष्ट ठेवले.

या पाठबळाचे मोल नाकारता येत नाही, कारण संक्रमणाच्या दोन-तीन वर्षांत उत्पादन घटते आणि भाव मात्र नेहमीचाच मिळतो, त्या खड्ड्यातून छोटा शेतकरी एकट्याच्या बळावर पार होत नाही. परंतु चळवळीतला गट आणि योजनेतला गट यांत एक मूलभूत फरक राहतो. चळवळीतला गट एकमेकांवर विश्वास असलेल्या माणसांनी बनतो आणि मग नियम स्वीकारतो. योजनेतला गट पुष्कळदा क्षेत्राची बेरीज पुरी करण्यासाठी बनतो आणि विश्वास नंतर येईल असे गृहीत धरतो. वीस हेक्टर पुरे होण्यासाठी ज्याला यादीत घेतले त्याला शेजाऱ्याने नापास करणे सोपे नसते, कारण त्याच्या जाण्याने सगळ्यांचे अनुदान अडचणीत येऊ शकते. अशा ठिकाणी तिघांची फेरी निघत नाही, अर्ज एकाच हाताने भरले जातात, आणि तीन वर्षांनी निधी संपला की बैठकाही संपतात. हमीची पद्धत येथे नियमांमुळे कोलमडत नाही; साक्षीदाराला खरे बोलण्यात लाभ उरत नाही म्हणून ती कोलमडते.

कायद्याने या व्यवस्थेला दिलेले स्थानही याच संदर्भात पाहावे लागते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाविषयीचे विनियम २०१७ मध्ये आले आणि जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यांनी देशांतर्गत बाजारासाठी अपेडाची त्रयस्थ पद्धत आणि पीजीएस-इंडिया या दोहोंना मान्यता दिली, आणि जो छोटा उत्पादक किंवा उत्पादकांची संस्था आपला माल थेट ग्राहकाला विकते तिला दाखल्याच्या सक्तीतून सूट दिली. समोरासमोरची ओळख हीसुद्धा हमी असू शकते, हे या सवलतीमागचे तत्त्व आहे. परदेशी बाजार मात्र पीजीएसचा दाखला मानत नाहीत, त्यामुळे या पद्धतीचे भवितव्य आसपासच्या शहरांशीच बांधलेले आहे.

शेजाऱ्याला न दिसणारे

वाराणसीत सहभागी हमीची मर्यादा जितकी स्पष्ट दिसते तितकी ती अन्यत्र क्वचितच दिसत असेल, आणि त्याचे कारण पाणी आहे. जून १९८६ मध्ये गंगा कृती योजनेचा आरंभ याच शहरात झाला आणि तिच्या अंतर्गत शहराच्या पूर्वेकडील दीनापूर येथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले, ज्याचे पाणी परिसरातील शेतकरी भाजीपाल्याला देत आले. बनारस हिंदू विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी या उपनगरी शेतांतील माती आणि भाज्या तपासल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पालकामध्ये कॅडमियम, शिसे आणि निकेल या जड धातूंचे प्रमाण भारतीय मर्यादेच्या वर गेलेले आढळले. हे धातू कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्यातून येतात, शुद्धीकरणात पुरेसे निघत नाहीत आणि जमिनीत वर्षानुवर्षे साठत राहतात. शेतकऱ्याने एक थेंबही कीटकनाशक वापरले नाही, तिघा शेजाऱ्यांनी प्रामाणिकपणे तसे लिहून दिले, तरी त्या पालकातले कॅडमियम कोणाच्या डोळ्यांना दिसणार नाही. सहभागी हमी शेतकऱ्याच्या वर्तनाची ग्वाही देते. पाण्याची आणि मातीची ग्वाही देण्यासाठी प्रयोगशाळा लागते, आणि तिचा खर्च शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण ते विष त्याने आणलेले नाही.

दुसरी अडचण नदीच्या पात्रातल्या शेतीची आहे. पावसाळ्याचा पूर ओसरला की गंगेच्या खोऱ्यात वाळूवर खड्डे आणि चर काढून, त्यांत शेणखत भरून, कलिंगड, खरबूज, काकडी, परवल अशी वेलवर्गीय पिके घेण्याची जुनी परंपरा आहे आणि ती करणाऱ्यांत भूमिहीन कुटुंबांचा भरणा मोठा असतो. नदीच्या सर्वांत जवळ असलेली, म्हणून खत व औषध थेट पाण्यात जाऊ देणारी शेती हीच. पण दाखल्याची चौकट जमिनीच्या तुकड्याच्या सलग इतिहासावर उभी आहे आणि येथे प्रत्येक पुरानंतर तुकडाच नवा तयार होतो. नदी वाचवणे हा हेतू असेल तर या कुटुंबांची नोंद जमिनीऐवजी माणसाच्या नावे आणि हंगामापुरती करण्याची तरतूद पीजीएसमध्ये असायला हवी, आणि स्थानिक गटावर आधारलेली पद्धतच ती करू शकते, कारण रेतीवर कोण काय करतो हे काठावरच्या गावाला माहीत असते.

ग्राहकाची जागा

सहभागी या शब्दात ग्राहक अंतर्भूत आहे आणि भारतातील शासकीय व्यवस्थेत नेमका तोच गैरहजर असतो. तपासणीत ग्राहकाला येता येते, पण त्याला बोलावणारे थोडे आणि जाणारे त्याहून थोडे. जेथे तो आला तेथे पद्धत टिकली, याचे मराठी वाचकाच्या जवळचे उदाहरण मुंबईतील हरी भरी टोकरी या उपक्रमाचे आहे, ज्यात शेतकरी व ग्राहक यांच्या संयुक्त संघटनेने हंगामाचे पैसे आधी घेऊन दर आठवड्याला भाजीची टोपली पोहोचवण्याची व्यवस्था बसवली. आगाऊ पैसे देणारा ग्राहक शेताकडे पाहतो, प्रश्न विचारतो आणि पाऊस लांबला तर कमी भाजीही समजून घेतो. आणि त्याच्या येण्यामुळे गटातील प्रामाणिक शेतकऱ्याला खरे बोलण्याचा लाभ पुन्हा मिळतो.

काशीत असा ग्राहक शोधायला लांब जावे लागणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये बनारसी लंगडा आंबा, रामनगरचे भंटा म्हणजे वांगे, बनारसी पान आणि लगतच्या चंदौलीचा आदमचिनी तांदूळ यांना भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन माल कोठला हे सांगते, तो कसा पिकवला हे सांगत नाही, आणि ही उणीव सहभागी हमीने भरून काढता येईल. अन्नपूर्णेच्या मंदिराचे अन्नक्षेत्र, दिवाळीनंतर प्रतिपदेला होणारे अन्नकूट, घाटांवरील मठ आणि यात्रेकरूंच्या धर्मशाळा यांची स्वयंपाकघरे वर्षभर धान्य आणि भाजी घेतात. त्यांपैकी थोड्यांनी जरी पाच किलोमीटरच्या पट्ट्यातील एखाद्या गटाशी हंगामाचा करार केला, गटाची नोंदवही मागितली आणि वर्षातून दोनदा तपासणीला माणूस पाठवला, तरी अनुदान संपल्यावर त्या गटाला बैठक घेण्याचे कारण उरेल.

सहभागी हमी ही छोट्या शेतकऱ्यासाठी आज उपलब्ध असलेली सर्वांत न्याय्य व्यवस्था आहे, आणि तिच्या अपयशाची जी उदाहरणे दिसतात ती बहुतेक साक्षीदार विकत घेतल्याची किंवा साक्षीदारच नसल्याची आहेत. शासनाने पाणी व माती तपासण्याचा खर्च उचलावा, समूहाचे क्षेत्र मोजण्याआधी त्यातील माणसांची परस्परओळख मोजावी, आणि नापास करणाऱ्या गटाला दंड न करता मान द्यावा. मराठी वाचकाकडे मागणे त्याहून साधे आहे : काशीला असो, नाशकात असो वा मुंबईत असो, सेंद्रिय म्हणून जादा भावाने घेतलेल्या भाजीबद्दल गटाचे नाव विचारावे, त्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख विचारावी आणि त्या दिवशी शेतावर जावे.